सुलभ मतदानयंत्र-तुलना : होतकरू संशोधकांसाठी

समजा, दोन मतदान यंत्रं तुमच्यासमोर ठेवली आहेत आणि त्यातलं वापरायला सोपं कुठलं, ते तुम्हाला ठरवायचं आहे. नुसतं 'मला हे बरं वाटलं' म्हणून भागणार नाही. कोष्टकं हवीत, आलेख हवेत, शेवटच्या रकान्यात पी-व्हॅल्यू (यंत्रं सारखी असूनही नुसत्या योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) हवी. म्हणजे उद्या कुणी भांडायला आलं तर त्याच्यापुढे कागद सरकवता येतो. काम अवघड नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले की कसोट्यांची यादी उघडते. पहिल्या नावावर क्लिक करायचं आणि ओके दाबायचं. बहुतेक जण एवढंच करतात आणि त्यांचं काही वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. ओके दाबण्याआधी ज्यांच्याकडे थोडा वेळ आहे, त्यांच्यासाठी पुढच्या सूचना.

आधी हद्द आखून घ्या. यंत्रात कुणी फेरफार करतं का, हा प्रश्न आपला नव्हे. त्यावर बोलायला चहाच्या टपरीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत माणसं सज्ज आहेत. आपला प्रश्न साधा आहे: मतदाराला जे मत द्यायचं होतं, तेच त्याच्या हातून पडलं का? यंत्र प्रामाणिक, मतदार शहाणा, केंद्राध्यक्ष निःपक्ष, आणि तरी मत भलत्याला. असं होऊ शकतं.

देश कुठला घ्यावा

अमेरिका घ्या. तिथे निवडणूक बहुतांशी काउंटी म्हणजे जिल्हा पातळीवर चालते आणि जिल्हागणिक पद्धत बदलू शकते: पूर्वी कुठे पंचकार्डाला भोकं पाडायची, कुठे लोखंडी खटके ओढायचे; आता कुठे कागदावरचा गोल काळा करून तो स्कॅनरला खिलवायचा, कुठे टचस्क्रीन. शिवाय एकाच मतदाराला एका दमात राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळ आणि वर दोन-चार करांचे प्रस्ताव, एवढ्या सगळ्यांवर मत द्यावं लागतं. चुकायला भरपूर जागा असते. तुलनेचा अभ्यास करणाऱ्याला आणखी काय हवं?

आपल्याकडे एक मतदार, एक बटण, एक शिट्टी. आपल्या यंत्राला आजचं रूप देण्यात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा हात होता आणि निळं बटण, लाल दिवा, चिन्ह, नाव एका ओळीत, ही मांडणी इतकी सरळ आहे की तिच्यावर पीएच.डी. करणं कठीण. अपवाद महानगरपालिकेचा. २०१७ मध्ये पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग होते. एका मतदारानं वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिकांवर चार बटणं दाबायची, आणि चारही झाली तरच मतदान पूर्ण. दोन बटणं दाबून शाईचं बोट मिरवत निघालेल्या मतदाराला 'अहो काका, अजून दोन राहिली' म्हणून मागे बोलवावं लागणं, हा शुद्ध यूजेबिलिटीचा, म्हणजे वापरसुलभतेचा, प्रश्न आहे. विषय शोधत असाल तर हा घ्या. पण कसोट्या शिकायच्या त्या अमेरिकेच्या उदाहरणांवरच. तिथे ठेच मोठी लागली आहे.

आधी हे प्रकरण पाठ करा

फ्लोरिडा, २०००. पाम बीच जिल्ह्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी दहा उमेदवार होते. निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांनी वयस्कर मतदारांना नीट वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली गेली आणि भोकं मधल्या पट्टीत एकाखाली एक आली. डाव्या पानावर पहिलं नाव रिपब्लिकन पक्षाचे बुश, दुसरं डेमोक्रॅटिक पक्षाचे गोर. पण मधल्या पट्टीत दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन यांना त्या जिल्ह्यात ३,४०७ मतं पडली. जिल्हा डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि हे गृहस्थ रिपब्लिकनांच्याही उजवीकडचे. ही मतं बहुतेक माझी नसावीत, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं. राजकारणात असा सज्जनपणा दुर्मीळ, म्हणून नोंदवून ठेवतो. राज्यात बुश जिंकले ५३७ मतांनी, आणि त्या राज्याबरोबर देशही.

आता अभ्यासकांनी काय केलं ते पाहा, कारण तुमचा पहिला धडा तिथे आहे. त्याच जिल्ह्यात पोस्टानं मत देणाऱ्यांच्या मतपत्रिकेवर ही दोन पानी मांडणी नव्हती. उमेदवार तेच, जिल्हा तोच, मांडणी वेगळी. प्रत्यक्ष केंद्रावर पडलेल्या मतांत ब्युकॅनन यांचा वाटा पोस्टाच्या मतांतल्या वाट्याच्या चौपट निघाला. २००१ मध्ये अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये हे छापून आलं; दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी चुकून त्यांना मत दिलं, असा निष्कर्ष होता. तुलना जोडीनं व्हावी आणि जोडीत एकच गोष्ट वेगळी असावी, एवढं जमलं तर पुढची कसोटी शिपाईसुद्धा लावू शकतो.

काय मोजायचं

आयएसओ ९२४१ या मानकाचा अकरावा भाग तीन गोष्टी सांगतो: काम बरोबर झालं का, किती वेळात झालं, आणि करणाऱ्याला बरं वाटलं का. नवशिक्यानं यातली वेळ निवडावी. वेळ मोजायला घड्याळ पुरतं.

चूक मोजणं मात्र त्रासाचं, कारण मतदाराच्या मनात कोण होतं हे तुम्हाला माहीत नसतं आणि गुप्त मतदानात विचारताही येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत खोटी निवडणूक घ्यायची. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मायकेल बर्न आणि सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. उमेदवारांची नावं काल्पनिक ठेवायची, म्हणजे कुणाचा पक्ष आडवा येत नाही. मग मतदाराला एक चिठ्ठी द्यायची: यांना यांना मत दे. चिठ्ठीशी मतपत्रिका जुळली नाही की ती चूक. इथे शंका काढणारा विचारेल, चिठ्ठी बघून मत देणं आणि मनातून मत देणं एकच का? रास्त शंका आहे. म्हणून काही जणांना चिठ्ठी न देता स्वतः निवडू द्यायचं आणि त्याच माणसाकडून तीन-चार वेगवेगळ्या यंत्रांवर तेच मत घ्यायचं. तीन ठिकाणी एक नाव, चौथ्या ठिकाणी दुसरं, तर चौथं संशयित. आणि माणसं गोळा करताना तुमच्याच वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची मुलं आणू नका, ती कुठल्याही यंत्रावर चुकणार नाहीत. अर्थात दोन्ही यंत्रं सारखीच असल्याचा अहवाल तुम्हाला हवा असेल, तर मुलंच आणा.

क्रमही बदलता ठेवा. सगळ्यांना आधी कागद आणि मग टचस्क्रीन दिलंत, तर दुसऱ्या खेपेला उमेदवार ओळखीचे झालेले असतात आणि टचस्क्रीनला फुकटचं श्रेय मिळतं.

वेळेसाठी टी-टेस्ट

यादीतली पहिली कसोटी बहुधा टी-टेस्ट असते. ती विल्यम गॉसेट यांनी शोधली, डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी करताना, आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी ड्राय डे असतो. कसोटी मात्र बिअरच्या कारखान्यातून आलेली आहे.

दोन यंत्रांवरच्या सरासरी वेळांतला फरक घ्यायचा आणि आकड्यांच्या चढउतारामुळे तो किती हलू शकतो, त्यानं भागायचा. अडचण एकच. बहुतेक मतदार चारेक मिनिटांत मोकळे होतात आणि एक आजोबा पंचवीस मिनिटं घेतात, प्रत्येक न्यायाधीशाचं नाव दोनदा वाचतात, मध्येच चष्मा पुसतात. सरासरी त्यांच्या दिशेनं सरकते. नवशिक्याचा पहिला आवेग म्हणजे आजोबांना 'आउटलायर' म्हणून वगळणं. वगळू नका. पाम बीचमध्ये अक्षरं मोठी केली होती ती त्यांच्यासाठीच. त्याऐवजी वेळेचे लॉगॅरिदम घ्या, किंवा आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणारी विलकॉक्सनची कसोटी लावा. तिथे आजोबा फार तर शेवटच्या क्रमांकावर बसतात, बाकीच्यांना ओढत नाहीत.

चुकांसाठी फिशर, आणि फिशरबद्दल सावधगिरी

हा भाग सावकाश वाचा.

तुमच्याकडे साठ माणसं आहेत. तीस जणांना पहिलं यंत्र दिलं, तिसांना दुसरं. पहिल्यावर कुणीच चुकलं नाही. दुसऱ्यावर पाच जण चुकले, म्हणजे सहा माणसांमागे एक. एवढे लोक चुकत असतील तर कुठलाही शहाणा माणूस ते यंत्र परत पाठवील. तुम्ही मात्र फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा. आकडे लहान असले की हीच लावतात. दूध आधी घातलंय की चहा, हे चवीवरून ओळखणाऱ्या बाईंच्या आठ कपांवरून जी प्रसिद्ध झाली, तीच. उत्तर येतं ०.०५२. मर्यादा ०.०५ ची, त्याखाली आलं तरच फरक मानायचा. म्हणून अहवालात लिहायचं: दोन यंत्रांत सिग्निफिकंट फरक आढळला नाही.

वाक्य खोटं नाही. पण यंत्रं खरेदी करणाऱ्या निविदा समितीत ते वाचलं जातं तेव्हा मधला 'आढळला' गळतो आणि 'फरक नाही' एवढंच उरतं. दुसऱ्या यंत्राचा विक्रेता पेढे आणतो.

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. यंत्र आधीच ठरलेलं असेल आणि अभ्यास फक्त फाइलला जोडायचा असेल, तर नमुना लहान ठेवा. तीस-तीस माणसांत जगातली जवळजवळ कुठलीही दोन यंत्रं समान ठरतात. हल्ली याला कुणी फसवणूक म्हणत नाही, 'पायलट स्टडी' म्हणतात.

खरोखर उत्तर हवं असेल तर हिशेब करा. एका यंत्रावर शंभरात एक मतदार चुकतो आणि दुसऱ्यावर दोन, हा फरक पाचात चार वेळा तरी पकडता यावा असं म्हणाल, तर प्रत्येक यंत्राला साधारण तेवीसशे माणसं लागतात. तेवढ्यांना खोटं मत द्यायला बोलवायचं, चहा-बिस्किटं द्यायची, प्रवासखर्च द्यायचा. बजेट बघून संशोधक पन्नास-पन्नासवर येतो. पन्नासांत अपेक्षित चुका किती? एका यंत्रावर अर्धी, दुसऱ्यावर एक. अर्ध्या चुकीची तुलना एका चुकीशी.

माणसं कमी असतील तर एकाच माणसाला दोन्ही यंत्रं द्या. मग मॅकनेमारची कसोटी लागते, तिला फक्त तेच मोजायचे असतात जे एका यंत्रावर चुकले आणि दुसऱ्यावर नाही. तिच्यातही पाचच्या पाच जण एकाच यंत्रावर चुकले तरी पी ०.०६२५ येतो आणि सहावा चुकल्याशिवाय तो ०.०५ च्या खाली उतरत नाही. सहाव्याची वाट पाहत आणखी माणसं बोलवत राहणं आणि तो सापडताच प्रयोग थांबवणं, ही युक्ती जुनी आहे. करू नका, किती माणसं घ्यायची ते आधी लिहून ठेवा.

याहून लोकप्रिय युक्ती अशी: शंभर मतदार, प्रत्येकाच्या मतपत्रिकेवर वीस पदं, म्हणजे दोन हजार निरीक्षणं. नमुना बघता बघता वीसपट, पी एकदम नाजूक. पण ज्या मावशींना गोल काळा करायचा की त्यावर फुली मारायची हे कळलं नाही, त्या विसांपैकी विसावर चुकतील. ती चूक एकाच माणसाची आणि एकदाच झालेली आहे. माणसं मोजा. पदं मोजायचीच असतील तर एका माणसाची पदं एकमेकांना बांधलेली आहेत हे मान्य करणारं मॉडेल वापरा, किंवा तुमच्या विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या बाईंना गाठा आणि त्यांच्यासाठी वडापाव न्या.

समाधानाची प्रश्नावली

जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये दहा वाक्यांची एक प्रश्नावली बनवली, तिला एसयूएस म्हणतात. एक वाक्य कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, असं आलटून पालटून. प्रत्येकाला एक ते पाच गुण. कौतुकाच्या वाक्यातून एक वजा, तक्रारीचा आकडा पाचातून वजा, सगळ्यांची बेरीज गुणिले अडीच. शंभरपैकी गुण मिळतात. अडुसष्टच्या आसपास म्हणजे मध्यम. हे गुण टक्के नव्हेत, पण अहवाल वाचणारा त्यांना टक्केच समजतो आणि अडुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास आला असं धरून चालतो.

ही प्रश्नावली जरूर भरून घ्या, कारण तिचं उत्तर तुम्हाला अडचणीत आणेल. राइसच्या गटानं २००८ मध्ये टचस्क्रीनची गाठ कागदी मतपत्रिका, पंचकार्ड आणि खटक्याच्या यंत्राशी घातली. लोकांना टचस्क्रीन स्पष्टपणे जास्त आवडलं. चुका मात्र तिथे कमी झाल्या नाहीत. मतदार खूश होऊन बाहेर पडतो आणि आपण चुकलो हे त्याला कळत नाही. ज्याला कळत नाही तो तक्रार करत नाही. म्हणून यंत्र लोकप्रिय ठरतं.

चुका पकडायला शेवटी 'तुमची निवड तपासा' असा पडदा येतो ना? येतो. राइसच्याच सारा एव्हरेट यांनी २००७ च्या प्रबंधासाठी तो पडदा मुद्दाम बिघडवला, मतदारानं दिलेली मतं त्यावर बदलून दाखवली. साठ टक्क्यांहून अधिक लोकांच्या ते लक्षात आलं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये २४१ जणांवर असाच प्रयोग छापील मतपत्रिकेवर केला. मत भलतंच छापलं गेलंय, असं कुणी सुचवल्याशिवाय केंद्रावरच्या माणसाला सांगणारे ६.६ टक्के निघाले. आपल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या सात सेकंदांत किती जण वाचतात, याचा प्रयोग कुठल्या होतकरूनं केला तर मी पहिला वाचक होईन.

बक्षिसाची शर्यत टाळा

आकडे जमले की मोह होतो: बायकांमध्ये फरक आहे का, पुरुषांमध्ये आहे का, साठीच्या वरच्यांत, डावखुऱ्यांत, चष्मेवाल्यांत? वीस कसोट्या लावल्यात आणि यंत्रं प्रत्यक्षात हुबेहूब सारखी असली, तरी निदान एक 'फरक' सापडण्याची शक्यता चौसष्ट टक्के आहे. तो हमखास डावखुऱ्यांत सापडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. मुख्य प्रश्न कुठला, ते पहिल्या दिवशी लिहून कपाटात ठेवा.

तुलना नक्की कशाची

पुन्हा फ्लोरिडा, या राज्यानं आपल्या विषयाची फार सेवा केली आहे. २००६, काँग्रेसचा म्हणजे अमेरिकी संसदेचा तेरावा मतदारसंघ, सरासोटा जिल्हा, टचस्क्रीन. सुमारे अठरा हजार मतदारांनी बाकी मतं दिली आणि नेमकं काँग्रेसच्या जागेचं मत दिलं नाही. म्हणजे टचस्क्रीनवर मत देणाऱ्या शंभरातले चौदा-पंधरा जण. पोस्टानं कागदावर मत देणाऱ्यांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होतं. निकाल लागला ३६९ मतांनी. जिंकणाऱ्याचं आडनाव ब्युकॅनन. हे व्हर्न, ते पॅट; नातं काही नाही.

यंत्रं तपासली, बिघाडाचा पुरावा सापडला नाही. अनेक अभ्यासकांचं बोट पडद्याच्या मांडणीकडे गेलं: काँग्रेसची जागा पानाच्या वरच्या टोकाला, आणि तिच्याच खाली ठळक रंगीत मथळ्यासह गव्हर्नरपदाची लांब यादी. नजर थेट मथळ्यावर जात असे. आता तुमच्या कोष्टकात 'टचस्क्रीन, चूक चौदा टक्के' असं लिहिणार का? यंत्र तेच ठेवून मथळा हलवला असता तर आकडा वेगळा आला असता. म्हणून रकान्याला यंत्राचं नाव देताना त्यावर कुठली मतपत्रिका होती, तेही लिहा. ज्या मतपत्रिकेवर एकच पद आहे तिच्यावरचा निकाल चार रंगांच्या प्रभागाला लावू नका.

अहवाल लिहिताना

पी-व्हॅल्यू तळटीपेत टाका. वर लिहा: दहा हजार मतदारांमागे या यंत्रावर किती जादा चुका होतील, किमान किती, कमाल किती. एकही चूक सापडली नसेल तर शून्य लिहून मोकळे होऊ नका. सोपा हिशेब आहे, तीनला माणसांच्या संख्येनं भागा. शंभर माणसांत एकही चूक नाही, याचा अर्थ चुकांचं खरं प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. मग त्याशेजारी त्या भागातल्या अटीतटीच्या लढतींचं मताधिक्य मांडा. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतांत ५३७ म्हणजे अकरा हजारांत एक. 'दोन्ही यंत्रं सारखी आहेत' हे वाक्य लिहायचंच असेल तर त्याचीही वेगळी कसोटी असते, आणि तिला आधी सांगावं लागतं की किती फरक तुम्ही चालवून घ्याल. ही मर्यादा कुणी ठरवायची, हे संख्याशास्त्राचं कुठलंच पुस्तक सांगत नाही. समितीला विचारा. समिती पुढच्या बैठकीत सांगते.

आणि तारीख बघा. फ्लोरिडाच्या गोंधळानंतर अमेरिकी काँग्रेसनं २००२ मध्ये हेल्प अमेरिका व्होट कायदा केला आणि तीनशे कोटी डॉलरांहून अधिक निधीची तरतूद केली. जिल्ह्यांनी पंचकार्डं फेकली आणि मोठ्या संख्येनं टचस्क्रीन आणली. टचस्क्रीनवर चुका कमी होत नाहीत, हे सांगणारा राइसचा अभ्यास आला २००८ मध्ये. फ्लोरिडानं त्याच्या आदल्याच वर्षी कायदा करून बहुतेक मतदारांना पुन्हा कागदावर आणायचं ठरवलं होतं. तेव्हा तुलना करायचीच असेल तर आधी खरेदी विभागात फोन करून निविदा कधी उघडणार ते विचारून घ्या. तेवीसशे माणसं जमवायला वेळ लागतो.